'के' म्हणजे काळियप्पन

मरुदाचलमच्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बायोडेटा एकदाच लिहिला गेला होता, आणि त्यावर त्याला बायको मिळाली होती. त्यामुळे दुसरा बायोडेटा लिहायची वेळ आली तेव्हा त्याने साहजिकच तोच कपाटातून बाहेर काढला. उंची, रास, नक्षत्र, कुळ, तिन्ही मामांची नावं-गावं, आणि शेवटी 'मुलगा निर्व्यसनी, कंपनीत कायम.' यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं अजून खरं होतं.

कंपनी म्हणजे कोइंबतूरची पूमणी पंप्स. तिथल्या स्टोअरमध्ये मरुदाचलमने तेवीस वर्षं नट, बोल्ट, बेअरिंग आणि रबरी वॉशर यांच्या संगतीत काढली होती. मग मोठे मालक वारले, त्यांच्या मुलांनी कंपनी विकली, घेणाऱ्याने यंत्रं उचलून गुजरातेत नेली, आणि मरुदाचलमच्या हातात एक पत्र, एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ आलं. घड्याळ त्याने शेजारच्या देवसहायम मास्तरांकडे ठेवायला दिलं. घरी नेलं असतं तर अप्पांनी विचारलं असतं, घड्याळ कसलं म्हणून.

आणि अप्पांना कळता कामा नये, हाच तर सगळा पेच होता. अप्पा म्हणजे काळियप्पन. वय बाहत्तर. त्याच पूमणीच्या ओतशाळेत एकेचाळीस वर्षं लोखंड ओतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मरुदाचलमला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. मोठ्या मालकांपुढे उभे राहून म्हणाले होते, "माझा पोरगा आहे. तक्रार आली तर मला सांगा." तेवीस वर्षांत तक्रार आली नाही, आणि अप्पांनी पोराचं कधी कौतुकही केलं नाही. तक्रार नाही म्हणजे झालं की कौतुक, आणखी काय वाजंत्री लावायची? आता ती नोकरीच गेली हे त्यांना कळलं तर एक तर त्यांचं ब्लडप्रेशर छताला लागलं असतं, नाहीतर ते काठी घेऊन मालकाच्या बंगल्यावर गेले असते. दोन्ही परवडणारं नव्हतं.

"दुसरी लागू दे, मग सांगू," मरुदाचलम बायकोला म्हणाला. "म्हणू, कंपनी बदलली."

"आणि तोवर?" पूंगोडीने विचारलं.

तोवर तो रोज सकाळी आठ वाजता दहीभाताचा डबा घेऊन घराबाहेर पडे आणि वाचनालयात जाऊन बसे. संध्याकाळी साडेपाचला परत. अप्पा आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत आणि चष्म्यावरून बघत रोजचा प्रश्न विचारत, "काय रे, आज स्टोअरला काय आलं?" मरुदाचलम चपला काढता काढता सांगे, तांब्याची तार आली, किंवा वॉशरच्या गोण्या आल्या. अप्पा "हं" म्हणत. झालं.

असे पंधरा दिवस गेल्यावर देवसहायम मास्तरांनी बायोडेटा मनावर घेतला. मास्तर इंग्रजीचे निवृत्त मुख्याध्यापक. रास आणि नक्षत्र त्यांनी पहिल्या फटक्यात उडवलं आणि दोन पानी अर्ज लिहून दिला. सुरुवात 'परम आदरणीय महोदय, आपल्या चरणी सविनय निवेदन की' अशी, शेवट 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.' मधल्या पावणेदोन पानांत महोदयांच्या दीर्घायुष्याची कामना होती.

"मास्तर, यात मी काय काम केलं ते कुठे आहे?"

"ते महोदय विचारतीलच की," मास्तर म्हणाले. "पहिल्याच भेटीत आपण आपल्याबद्दल बोलायचं का? बरं दिसतं का ते?"

मरुदाचलमला हे पटलं. त्याच्या मुलीला, यळिनीला, पटलं नाही. यळिनी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या मते घरात जगाची खबर असलेली ती एकटीच होती. "हल्ली असे अर्ज कोणी वाचत नाही," ती म्हणाली. "वेबसाइटवर प्रोफाइल लागतं. त्यात 'मी हे केलं, मी ते केलं' असं ठणकावून लिहायचं."

"मी एकट्याने काय केलं? आम्ही केलं."

"नोकरी 'आम्ही'ला हवीय की तुम्हाला?"

बराच वेळ पेन चावून मरुदाचलमने लिहिलं, 'स्टोअर पाहत असे. काही हरवले नाही.'

"एवढंच?" यळिनीने विचारलं.

"तेवीस वर्षांत एक वस्तू हरवली नाही, याला एवढंच म्हणतेस?" मरुदाचलमचा आवाज जरा चढलाच. त्याच्या दृष्टीने या दोन वाक्यांत इतकी बढाई होती की ती लिहिताना त्याचे कान तापले होते.

मग फोटो. पासपोर्टच्या फोटोत तो फरारी असल्यासारखा दिसे. बरा म्हणावा असा फोटो एकच होता, मेहुण्याच्या वास्तुशांतीतला. कपाळभर विभूती, आणि खांद्यावर मेहुण्याचा हात. यळिनीने मेहुण्याला कापून काढलं, पण हात काही निघेना. चार बोटं आणि एक पुष्कराजाची अंगठी खांद्यावर राहिलीच.

"राहू दे," पूंगोडी म्हणाली. "पाठीशी कोणीतरी आहे असं वाटतं."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. घोड्याने पेंड खाल्ली ती नावाशी. वेबसाइटला नाव हवं होतं आणि आडनाव हवं होतं. आता आडनाव ही चीज आमच्या कोइंबतूरच्या माणसाकडे असते कुठे? बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावाआधी लावायचं की झालं काम. शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत तो 'के. मरुदाचलम' होता, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. यळिनीने आडनावाच्या रकान्यात 'के' टाकलं. वेबसाइट म्हणाली, किमान दोन अक्षरं हवीत. पुढे टिंब दिलं. टिंब चालत नाही म्हणाली. दोनदा 'के' टाकून पाहिलं, तर ते तिने घेतलं, पण मरुदाचलमला ते कुणीतरी चोरून हसल्यासारखं वाटलं.

"मग पूर्णच टाकू," यळिनी म्हणाली. आणि के. मरुदाचलमचा 'मरुदाचलम काळियप्पन' झाला.

प्रोफाइल चढलं, आणि नातेवाइकांना कसा कोण जाणे सुगावा लागला. त्या वेबसाइटवर म्हणे कुणाच्या अंगी काय गुण आहेत याची ग्वाही ओळखीचे लोक देऊ शकतात. मेहुण्याने ग्वाही दिली, 'सभेत भाषण करणे.' स्वतःच्या लग्नात आभार मानतानाही ज्याची बोबडी वळली होती, त्या माणसाबद्दल! एका मावसभावाने 'वाहनचालन' लिहिलं, का तर मरुदाचलमकडे जुनी टीव्हीएस मोपेड होती. मदुरैच्या काकांनी प्रेमाने निरोप धाडला, 'निवडणुकीला उभा राहतोयस का? फोटो छान आलाय.' प्रत्येकाला फोन करकरून अप्पांपाशी बोलू नका म्हणून विनवावं लागलं, ते वेगळंच.

एवढं होऊन फोन येईना, म्हणून मरुदाचलम गांधीपुरमच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये गेला. पाटीवर पॅनकार्ड, पत्रिका आणि बायोडेटा हे तिन्ही जुळवून मिळेल असं लिहिलं होतं. तिथला इळमारन नावाचा इसम न बघताच टाइप करायचा.

"हाताखाली माणसं किती?"

"एक. षण्मुगम. तोही अर्धा दिवस."

इळमारनने टाइप केलं, 'विविध स्तरांवरील संघाचे समर्थ नेतृत्व.'

"भाषा?"

"तमिळ. इंग्रजी वाचतो. बेअरिंगच्या खोक्यावर जर्मन असायचं, ते ओळखायचो."

'बहुभाषिक.' मग इळमारनची नजर त्या दोन वाक्यांवर गेली. "हे काय, काही हरवलं नाही? हे तर वॉचमनसारखं वाटतंय हो." त्याने ते खोडलं आणि जागी 'साठा-व्यवस्थापन धोरणप्रमुख' असं ठोकून दिलं, आणि वेबसाइटवरही तेच चढवलं. मरुदाचलमने छापील कागद दोनदा वाचला. असा माणूस समोर आला असता तर तो स्वतः खुर्चीवरून उठून उभा राहिला असता.

आणि काय सांगावं, चौथ्या दिवशी फोन वाजला. मरुदाचलम वाचनालयाच्या पायऱ्यांवर धावला.

"मिस्टर काळियप्पन बोलताय का?" आवाज दिल्लीकडचा होता.

"नाही. ते घरी आहेत."

"कधी भेटतील? नोकरीसंबंधी बोलायचं होतं."

"त्यांना कशाला नोकरी? चौदा वर्षं झाली रिटायर होऊन!"

पलीकडचा माणूस माफी मागून गेला. मरुदाचलम घरी येऊन पूंगोडीला आणि यळिनीला अभिमानाने म्हणाला, "अप्पांना कोणीतरी फसवायला बघत होतं. नोकरीचं आमिष! मी बरोबर हाकललं."

यळिनीने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, काळियप्पन तुम्ही! वेबसाइटवर!"

"मी कसा काळियप्पन?" मरुदाचलम म्हणाला, आणि मग त्याला उलगडा झाला. रात्रभर त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या फोनची त्याने तयारी करून ठेवली. 'हो, मी काळियप्पन' असं वाचनालयामागच्या चिंचेखाली दहादा घोकलं. पण फोन बेंगळुरूहून आला, बोलणारी मुलगी जेमतेम बावीस-तेवीसची, आणि तिने सुरुवातच केली, "हाय काळियप्पन!"

आता आमच्या गावाची रीत सांगायला हवी. इथे गाडी आडवी घालणाऱ्यालासुद्धा रिक्षावाला 'अहो, डोळे घरी ठेवून आलात का आपण?' असं आदराने विचारतो. इथे शेंबड्या पोरालाही 'या, बसा' म्हणतात. आणि आपल्या बापाचं नाव तर माणूस पोलिसाने विचारलं तरी आवाज खाली आणून सांगतो. त्या बापाला परक्या गावची पोर 'हाय' म्हणत होती! मरुदाचलमचं सगळं घोकलेलं क्षणात उडालं.

"बाई," तो म्हणाला, "त्यांचं वय बाहत्तर आहे. नावापुढे काही नाही तर निदान 'सर' लावा. कोणी शिकवलं तुम्हाला?"

तिने बहुधा 'उमेदवार स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखा बोलतो, चिडका' अशी नोंद केली असावी. पुन्हा फोन नाही.

घायकुतीला येऊन तो पुन्हा इळमारनकडे गेला. नाव बदलून दे म्हणाला. इळमारनने दोन्ही रकान्यांतली नावं इकडची तिकडे केली आणि म्हणाला, "आता बघा, तुमचं नाव आडनावाच्या जागी. सगळे तुम्हाला मरुदाचलम सरच म्हणतील." संध्याकाळी देवसहायम मास्तरांनी फोन नाकाशी धरून वाचलं, 'काळियप्पन मरुदाचलम,' आणि म्हणाले, "मरुदा, या रकान्यांच्या पद्धतीने वाचलं, आडनावाच्या जागी बापाचं नाव, तर हा काळियप्पन मरुदाचलमचा मुलगा होतो. तू तुझ्या बापाचा बाप झालास रे."

वेबसाइट म्हणाली, नाव आता नव्वद दिवस बदलता येणार नाही.

दोन महिने होत आले. डबा तोच, वाचनालय तेच. तिथल्या वॉचमनने तर त्याला नवीन ग्रंथपाल समजून रजेचा अर्ज दिला होता. पूंगोडी काही बोलत नसे, पण शेजारणीने "तुमचे हे बारीक झालेत का?" असं विचारलं त्या दिवशी ती देवापुढे जरा जास्त वेळ बसली. मरुदाचलमने ते पाहिलं. आपण आता कुणाच्याच उपयोगाचे नाही, असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं, आणि बायोडेटात त्यासाठी रकाना नव्हता.

त्या गुरुवारी तो फोन घरीच विसरला. बसस्टॉपवर लक्षात आलं. आज कोणाचा आलाच तर, म्हणून परत फिरला. पण पुढच्या दाराने जाणार कसा? दहा वाजता तो स्टोअरमध्ये असायला हवा. तो मागच्या दाराने आला. तिथे पूंगोडी ग्राइंडरवर इडलीचं पीठ वाटत होती. त्याला बघताच तिने ग्राइंडर बंद केला आणि पिठाचं बोट ओठांवर ठेवलं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. आणि अप्पांनी तो उचलला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवरच घेत. सगळं गाव ऐके.

"काळियप्पन ऐया बोलतायत का?" मुलीचा आवाज. आदबशीर, आपल्याच भागातला.

"मीच काळियप्पन. बोला."

"मी अरुळ ग्राइंडर्समधून बोलतेय, ऐया. तुमचा बायोडेटा पाहिला. थोडी माहिती विचारू का?"

"विचारा की."

"अनुभव किती वर्षांचा?"

"एकेचाळीस."

"इथे तेवीस लिहिलंय."

"कमी लिहिलंय. कोणी लिहिलंय?"

मरुदाचलमने डोक्याला हात लावला. आत धावत जावं तर तो घरात नव्हताच.

"शेवटची नोकरी का सोडली, ऐया?"

"मी कुठे सोडली? अठ्ठावन्न पूर्ण झाली. हार घातला, मोठ्या मालकांनी स्वतः गाडीने घरी सोडलं."

मुलगी गोंधळली. "पण तुम्ही... साठा-व्यवस्थापन धोरणप्रमुख होतात ना?"

"असलं कोणी आमच्या कंपनीत नव्हतं. साठा म्हणजे स्टोअर ना? स्टोअर माझा मुलगा बघायचा."

बघायचा. बघतो नव्हे, बघायचा. मरुदाचलमने पूंगोडीकडे पाहिलं. पूंगोडी पिठाकडे बघत होती.

"मुलाचं नाव काय, ऐया?"

"के. मरुदाचलम. 'के' म्हणजे मी."

"अय्यो!" मुलगी हसायलाच लागली. "कळलं, ऐया, कळलं. माझ्या पासपोर्टवर पण असंच झालंय. माझ्या वडिलांनी सिंगापूर पाहिलं नाही, पण विमानतळावर तीनदा पुकारलं त्यांना. मुलगा आहे का घरात?"

"कामावर गेलाय."

"कुठे?"

"ते मला माहीत नाही," अप्पा म्हणाले. "कंपनी बंद झाली त्याच आठवड्यात षण्मुगमने मला चहाच्या दुकानात सांगितलं. हा रोज डबा घेऊन जातो. संध्याकाळी मी विचारतो, स्टोअरला काय आलं. तो सांगतो."

"म्हणजे... खोटं?"

"धडधडीत. पण तू ऐक मुली. मागच्या सोमवारी म्हणाला, पन्नास बेअरिंग आली. बुधवारी म्हणाला, बारा दिली. शुक्रवारी मी मुद्दाम विचारलं, किती उरली रे? चपला काढता काढता म्हणाला, अडतीस. दोन महिने मी त्याला पकडायला बघतोय. रोजचं वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवतो. एकदा चुकला नाही. तिथे स्टोअर नाही, माल नाही, कुलूप लावायला दार नाही, पण सगळं जुळतंय! आहे का असा माणूस तुमच्याकडे?"

उत्तराची वाट न बघता अप्पा पुढे बोलले.

"मधे काही वर्षं वीज जायची ना, रोज सहा-सहा तास? सगळी कंपनी बसून राहायची. हा अंधारात कप्प्यात हात घालून मागाल तो भाग काढून द्यायचा. एकदाही दुसराच आला नाही. ओतशाळेतली माणसं मला येऊन सांगायची."

"हे काहीच लिहिलं नाहीये इथे, ऐया."

"त्याला स्वतःबद्दल बोलता येत नाही. मीही कधी बोललो नाही. मला वाटायचं, त्याला माहीत असेल."

मरुदाचलम ग्राइंडरच्या आडोशाला मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. पूंगोडीने पदर पुढे केला, त्यालाही पीठ लागलेलं होतं.

"सोमवारी दहाला पाठवाल त्यांना?" मुलगी म्हणाली.

"तुम्ही संध्याकाळी त्यालाच फोन करा. मी बोललो ते सांगू नका. मला कळलं तर मी मरेन असं त्याला वाटतं."

मरुदाचलम आल्या वाटेने परत गेला आणि साडेपाचला पुढच्या दाराने आला. नाकाला पीठ तसंच होतं. अप्पांनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

"फोन विसरलास. वाजत होता. आज स्टोअरला काय आलं?"

"आज काही नाही आलं, अप्पा. सोमवारी येईल बहुतेक."

"हं," अप्पा म्हणाले, आणि वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी काहीतरी टिपून ठेवलं.

सोमवारी अरुळ ग्राइंडर्सच्या फाटकावर रखवालदाराने यादी बघून विचारलं, "नाव?" मरुदाचलम आवाज खाली आणून म्हणाला, "काळियप्पन." आत मॅनेजरने इळमारनचा कागद बाजूला सारला आणि चेहरा गंभीर ठेवून एकच प्रश्न विचारला, "त्या शुक्रवारी बेअरिंग किती उरली होती?"

"अडतीस," मरुदाचलम म्हणाला. "शनिवारी चार गेली. चौतीस." बाजूला बसलेली मुलगी फाइलमागे तोंड लपवून हसत होती.

पहिल्या दिवशीच ओळखपत्र मिळालं. 'काळियप्पन एम.' संध्याकाळी अप्पांनी ते हातात घेऊन चष्म्याच्या वरून आणि खालून पाहिलं.

"फोटो तुझा, नाव माझं. आणि हा हात कुणाचा?"

"मेहुण्याचा. नाव बदलायला अर्ज दिलाय, अप्पा."

"कशाला? असू दे." अप्पांनी ओळखपत्र परत दिलं. "फक्त सांभाळून वापर. एकेचाळीस वर्षांत त्या नावावर एक रिमार्क नाही."

मग त्यांनी वर्तमानपत्र मांडीवर सरळ केलं, पेनचं टोपण काढलं आणि नेहमीसारखं विचारलं, "बरं, आज स्टोअरला काय आलं? किती शिल्लक?"

मरुदाचलम चपला काढता काढता थांबला.

"आज नाही सांगता येणार, अप्पा," तो म्हणाला. "हे खरं स्टोअर आहे. जुळायला आठवडा लागेल."